कळते, पण वळत नाही

'कळते, पण वळत नाही' हे चार शब्द आपल्या घरांत फार जुने आहेत, आणि ते बहुधा दोष देण्याकरिताच उच्चारले जातात. ज्यास एखादी गोष्ट कळते त्याने ती केलीच पाहिजे, न केल्यास तो आळशी, बेफिकीर अथवा हट्टी असला पाहिजे, असे आपण मनाशी धरून चालतो. परंतु काही माणसांच्या बाबतीत कळणे आणि वळणे ह्यांमधील वाटच खचलेली असते, व ती खचण्यात त्यांच्या इच्छेचा काही संबंध नसतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्राने हळूहळू ओळखली आहे. ह्या अवस्थेचे इंग्रजी नाव 'अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर', संक्षेपाने एडीएचडी, असे आहे. अवधानाची न्यूनता व अतिचंचलता असा त्याचा अर्थ. आम्ही येथे 'अवधानविकार' हा सुटसुटीत शब्द योजतो.

हा विकार मुलांचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बाकावर स्वस्थ न बसणारा, प्रश्न पुरा होण्यापूर्वी उत्तर देणारा, दप्तर वर्गात व डबा मैदानावर विसरणारा मुलगा सर्व शिक्षकांच्या परिचयाचा असतो. परंतु मुले मोठी होतात, आणि त्यांतील पुष्कळांचा विकार त्यांच्याबरोबर मोठा होतो. हातापायांची चळवळ कमी होते, मनाची होत नाही. अशा मुलाच्या पालकांस शाळेत बोलावून त्याचे वर्तन सांगू लागावे, तो बाप अथवा आई मध्येच थांबवून हलक्या आवाजात म्हणते, "मीही असाच होतो." पुष्कळदा 'होतो' ऐवजी 'आहे' म्हणणे अधिक खरे झाले असते. प्रस्तुत लेख अशा मोठ्या माणसांविषयी आहे. विद्यार्थिमित्रांनी तो वाचावा, कारण आपल्या घरातील एखादे वडील माणूस त्यांस त्यात भेटण्याचा संभव आहे.

अष्टमीस राहणारा व रोज कुंडलिकेवरील पूल ओलांडून रोह्यास जाणारा असा एक गृहस्थ केवळ कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. मनुष्य बुद्धिमान आहे. कचेरीत एखादी अडचण उभी राहिली की प्रथम त्यालाच हाक मारतात, कारण गडबडीच्या प्रसंगी त्याचे डोके इतरांहून चांगले चालते. तथापि बँकेत पैसे असूनही त्याचे विजेचे बिल दंडासह भरले जाते. किल्ली रोज हरवते, डबा ओट्यावर राहतो. आईचे औषध आणावयास बाजारात जातो तो पोह्यांची पिशवी व आंब्याचे एक कलम घेऊन परत येतो. औषध मात्र राहूनच जाते. दिव्याकडे जाणारी गाडी स्थानकात शिरते तेव्हा तो अजून पुलावर असतो. रात्री पत्नीस वचन देतो की उद्यापासून असे होणार नाही. हे वचन खोटे नसते. देते वेळी ते अगदी मनापासून दिलेले असते. म्हणूनच सकाळी ते मोडले की त्याची स्वतःचीच स्वतःवरील श्रद्धा उडते. चाळिशीपर्यंत अशी हजारो वचने मोडलेला माणूस आपण मुळातच वाईट आहोत असे मानू लागतो. विकाराइतकेच नुकसान ह्या समजुतीने होते. नोकऱ्या सुटतात, कर्ज होते, संसारात कडवटपणा येतो. अशा माणसांच्या हातून रस्त्यावरील अपघातही अधिक होतात, हे अनेक देशांतील पाहणीत दिसून आले आहे. महामार्गावर मोटरसायकल चालविणाऱ्याच्या घरी ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो. लक्ष ठरत नाही अशा अवस्थेचे वर्णन अलेक्झांडर क्रिक्टन ह्या वैद्याने १७९८ साली केले होते. १९०२ मध्ये जॉर्ज स्टिल ह्यांनी लंडनमध्ये अशा मुलांवर व्याख्याने दिली. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली ह्यांस असे आढळले की, उत्तेजक समजल्या जाणाऱ्या एका औषधाने अशी मुले उलट शांत होऊन अभ्यासास बसतात. आजचे नाव १९८७ पासूनचे आहे. प्रौढांकरिता लक्षणांची वेगळी मोजणी २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या नियमपुस्तकात आली. लक्षणांच्या दोन याद्या आहेत, प्रत्येकीत नऊ. मुलांत एखाद्या यादीतील निदान सहा दिसावी लागतात, सतरा वर्षांपुढील माणसांत पाच. शिवाय काही लक्षणे वयाच्या बारा वर्षांपूर्वी दिसलेली असावीत, आणि ती घर व कचेरी अशा एकाहून अधिक ठिकाणी आड येत असावीत, अशी अट आहे. मुलींच्या बाबतीत हा विकार फार वेळा नजरेतून सुटतो. मुलगी बाकावरून उठत नाही, खिडकीतून बाहेर पाहत बसते. तिला कोणी चंचल म्हणत नाही, 'स्वप्नाळू' म्हणून सोडून देतात.

कारणांविषयी पालकांत अनेक तर्क चालतात. कोणी साखरेस दोष देतो. साखरेवरील प्रयोगांचा एकत्र विचार १९९५ साली झाला, तेव्हा मुलांच्या वागण्यावर तिचा तसा परिणाम आढळला नाही. कोणी मोबाइलचे नाव घेतो. परंतु मोबाइल जन्मास येण्यापूर्वी पाऊणशे वर्षे स्टिल ह्यांनी ही मुले पाहिली होती. विकार मुख्यत्वे आनुवंशिक आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून त्यातील आनुवंशिकतेचा वाटा जवळजवळ उंचीइतका मोठा ठरतो. उंच बापाचा मुलगा उंच निघाला म्हणून कोणी त्यास छडी मारीत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. रसेल बार्कली ह्या मानसशास्त्रज्ञांनी ह्या विकाराचा दीर्घकाळ अभ्यास करून असे प्रतिपादन केले की, हा ज्ञानाचा दोष नसून ज्ञान वेळेवर उपयोगात आणण्याचा दोष आहे. काय करावे हे त्या माणसास ठाऊक असते. जेथे आणि जेव्हा करावयाचे, तेथे आणि तेव्हा ते त्याच्या मनासमोर येत नाही. एवढे ध्यानात घेतले की उपदेश का वाया जातो हे आपोआप उलगडते. उपदेशाने ज्ञान वाढते, आणि ज्ञान तर त्याच्याजवळ आधीच पुरेसे असते. वेळ सांभाळावी हे ज्यास तीस वर्षे ठाऊक आहे, त्यास ते एकतिसाव्या वर्षी पुन्हा सांगून काय साधणार? मदत करावयाची ती ज्ञानाच्या जागी नव्हे, कामाच्या जागी केली पाहिजे. सूचना डोक्यातून काढून दारावर, भिंतीवर, हातातल्या घड्याळात आणून ठेवली पाहिजे.

ह्याच तत्त्वावर पाश्चात्त्य देशांत, विशेषतः १९९० नंतर, अशा प्रौढांकरिता 'कोच' नेमण्याची पद्धत पडली. आपल्या रायगड जिल्ह्यात कबड्डीमुळे हा शब्द मुलांनाही परका नाही. आणि तालमीतील वस्ताद तर त्याहून जुना. वस्ताद स्वतः कुस्ती खेळत नाही, भाषणही करीत नाही. तो हौद्याच्या कडेला उभा राहतो, पाय कोठे घसरला ते पाहतो, आणि तेवढेच सांगतो. अवधानविकार असलेल्या माणसाचा मार्गदर्शक हेच करतो. आठवड्यातून एकदा, प्रत्यक्ष अथवा दूरध्वनीवर, तो भेटतो. 'का केले नाही?' असे तो विचारीत नाही. 'काम कोणत्या ठिकाणी अडले?' असे विचारतो. ह्या दोन प्रश्नांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्या प्रश्नास लाजेखेरीज उत्तर नसते. दुसऱ्यास असते: बिल कपाटात गेले आणि दृष्टीआड झाले. मग पुढच्या आठवड्यात बिल कपाटात जाणार नाही, चहाच्या डब्यास टेकवून ठेवले जाईल, एवढा एकच बदल ठरतो.

वरवर पाहता हे क्षुल्लक वाटेल. ह्या संबंधात एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंग कंपनीचे एक नवे प्रचंड विमान चाचणीच्या वेळी कोसळले. विमान चालविणारा मनुष्य अत्यंत अनुभवी होता. जमिनीवर असताना विमानाची सुकाणू यंत्रणा वाऱ्याने हलू नये म्हणून घातलेली खीळ उड्डाणापूर्वी काढावयाची राहून गेली होती. वैमानिकांनी ह्यावर अधिक स्मरणशक्ती असलेला मनुष्य शोधला नाही. उड्डाणापूर्वी पाहावयाच्या गोष्टींची एक छोटी यादी कागदावर लिहिली. आज जगातील प्रत्येक वैमानिक अशी यादी पाहूनच विमान उडवितो. आपल्याजवळच्या धाटावच्या रासायनिक कारखान्यांसारख्या ठिकाणीही कामकरी नोंदवहीत खूण केल्यावाचून पाळी सोपवीत नाहीत, आणि त्यांस विसराळू कोणी म्हणत नाही. मग घराच्या दारास आतून 'किल्ली, डबा, पाकीट, चष्मा' असा कागद चिकटविला तर त्यात लाज वाटण्यासारखे काय आहे? किल्लीकरिता दाराशेजारी एक खुंटी असावी, व किल्ली तेथेच टांगावी; 'नीट ठेवीन' ह्या निश्चयापेक्षा खुंटी पुष्कळ भरवशाची. वही, पाटी, स्वयंपाकघरातील दिनदर्शिका ह्यांपैकी कोणतेही एकच साधन स्मरणाकरिता ठरवावे. तीन वह्या झाल्या की कोणत्या वहीत काय लिहिले हे आठवण्याचे चौथे काम निर्माण होते. (नवी वही विकत घेण्याचा उत्साह अशा माणसांस फार असतो, हे येथे सांगून ठेवलेले बरे.)

सर्वांत बिकट प्रकरण वेळेचे. इतरांस काळ नदीप्रमाणे वाहताना जाणवतो. अवधानविकार असलेल्यास काळाचे दोनच प्रकार ठाऊक असतात, 'आत्ता' आणि 'आत्ता नव्हे'. गाडी सातला आहे, आणि सध्या सहा वाजले आहेत, म्हणजे ती 'आत्ता नव्हे' ह्या खात्यात जमा होते. ती 'आत्ता'च्या खात्यात येते तेव्हा सहा वाजून पंचावन्न मिनिटे झालेली असतात. ह्यावर उपाय म्हणजे उलट्या बाजूने हिशेब मांडणे. फलाटावर दहा मिनिटे आधी पोहोचावयाचे, म्हणजे सहा पन्नास. रिक्षास पंधरा मिनिटे, म्हणजे उंबरठा सहा पस्तीसला ओलांडला पाहिजे. बूट, किल्ली, डबा ह्यांस पाच मिनिटे. स्नान व न्याहारीस चाळीस. म्हणजे पाच पन्नासला उठणे भाग आहे. हा हिशेब मनात न करता कागदावर करावा, कारण मनातल्या हिशेबात स्नानास नेहमी पाच मिनिटे लागतात. एक आठवडाभर प्रत्येक कामापुढे अंदाजाची वेळ व प्रत्यक्ष लागलेली वेळ लिहून पाहावी. अंदाज किती आशावादी असतात हे पाहून लिहिणाऱ्यासच हसू येईल. दुसरी युक्ती शाळेकडून घेण्यासारखी आहे. आपल्या शाळेत दोन घंटा होतात. पहिली खेळ थांबविण्याची, दुसरी वर्गात बसण्याची. मोबाइलच्या घड्याळातही दोन घंटा लावाव्या: पहिली हातातील काम खाली ठेवण्याकरिता, दुसरी घराबाहेर पाऊल टाकण्याकरिता. एकच घंटा लावली तर ती काम थांबविण्यातच खर्च होते.

कामास आरंभ न होणे हा आणखी एक मोठा अडथळा आहे. 'घर आवरणे', 'कर्जाची कागदपत्रे तयार करणे' ही कामे नव्हेत, ही कामांची गाठोडी आहेत. त्यांकडे पाहूनच अशा मनुष्यास थकवा येतो. मार्गदर्शक विचारतो, 'ह्यातील पहिली हालचाल कोणती?' उत्तर येते, 'चष्मा लावून निळी फाइल टेबलावर आणणे.' आजचे काम तेवढेच. पुष्कळ वेळा फाइल टेबलावर आली की पुढील काम मागोमाग येते; न आले तरी फाइल उद्या टेबलावरच सापडते. पीटर गोल्वित्झर ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली एका लेखात दाखवून दिले की, 'मी औषध घेईन' अशा संकल्पापेक्षा 'चहा संपून कप खाली ठेवला की मी गोळी घेईन' असा, प्रसंग व कृती एकमेकांस बांधणारा संकल्प अधिक वेळा तडीस जातो. संकल्पाची आठवण मग मनुष्यास ठेवावी लागत नाही. कपच ती करून देतो.

सोबतीचा उपाय आपणांकडे नवा नाही. भाताची लावणी एकट्याने कोणी करीत नाही, पापड एकटीने लाटले जात नाहीत. शेजारी दुसरा मनुष्य आपले काम करीत बसला असेल तर अवधानविकार असलेल्याचे मन त्या जागी टिकते, असा अनेकांचा अनुभव आहे. त्या दुसऱ्याने मदत करावयाची नसते, देखरेखही करावयाची नसते. नुसते तेथे असावयाचे असते. विद्यार्थिमित्रहो, संध्याकाळी तुम्ही अभ्यासास बसता त्याच टेबलावर वडिलांनी बिले व पत्रे घेऊन बसावे, असे त्यांस सुचवून पाहा. दोघांचेही काम होईल.

पैशाच्या बाबतीत मोह आणि खरेदी ह्यांमध्ये रात्र घालावी. ठरावीक रकमेहून मोठी वस्तू मनात आली की तिचे नाव लिहून ठेवावे व दुसऱ्या दिवशी विचार करावा. बिले बँकेतून आपोआप भरली जाण्याची सोय करावी, म्हणजे तो प्रश्न स्मरणावर राहत नाही. रागाच्या बाबतीत, शांत असताना घरात आधीच ठरवावे की आवाज चढला तर कोणीही 'थांबू' म्हणावे, आणि दोघांनी दहा मिनिटे वेगळ्या खोलीत जावे.

ह्या सर्व युक्त्यांचा एक दोष मोकळेपणाने सांगितला पाहिजे. त्या शिळ्या होतात. दारावरचा कागद पहिला आठवडा दिसतो, दुसऱ्या महिन्यात तो दारासारखाच होतो. अशा मनास नाविन्य लागते, आणि युक्ती शिळी झाली की मनुष्य स्वतःला दोष देऊन सर्वच सोडून देतो. वस्तादाचा खरा उपयोग येथे आहे. तो म्हणतो, 'कागद जुना झाला, आता पिवळा लावू, व दाराऐवजी बुटांत ठेवू.'

घरातील माणसांनी हा वस्ताद व्हावे काय? आमच्या मते, शक्य तो होऊ नये. पत्नीने तर मुळीच होऊ नये. नवऱ्याची किल्ली, गोळी व गाडी ह्यांची चिंता वाहता वाहता ती त्याची आई बनते, आणि दोघांनाही ते नाते सोसत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे', जे १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाले, ते ज्यांनी वाचले असेल त्यांस नारायण वामन टिळकांच्या हाती पैसा कसा ठरत नसे, मनात येताच ते कसे उठून चालू लागत, हे आठवेल. गेलेल्या थोर पुरुषास आजच्या रोगाचे नाव चिकटविणे आम्हांस मान्य नाही. तेथे पाहावयाचे ते लक्ष्मीबाईंकडे. अशा उतावळ्या, उदार, प्रतिभावान माणसाचा संसार सांभाळताना घरच्या बाईवर किती भार येतो, हे त्यांनी हसत हसत लिहून ठेवले आहे. तो भार मित्र, भाऊ, सहकारी अथवा शिकलेला मार्गदर्शक ह्यांनी वाटून घेतला पाहिजे.

येथे एक सावधगिरीची गोष्ट. आपल्या देशात 'कोच' ह्या नावास कायद्याचा आधार नाही. कोणीही पाटी लावू शकतो. म्हणून प्रथम मनोविकारतज्ज्ञाकडून अथवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून तपासणी करून घ्यावी. थायरॉइडचा विकार, अपुरी झोप, उदासीनता ह्यांमुळेही लक्ष उडते, आणि त्यांचा इलाज निराळा आहे. निदान झाल्यावर मेथिलफेनिडेट, अ‍ॅटोमॉक्सेटिन अशी औषधे पुष्कळांस उपयोगी पडतात. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नयेत, व शेजाऱ्याची तर कधीच घेऊ नयेत. औषधाने लक्ष ठरते, परंतु किल्लीची खुंटी औषध ठोकीत नाही. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दोन कसोट्यांत, एकीत ८६ व दुसरीत ८८ प्रौढ होते. ज्यांस बारा भेटींत वेळ, कामांची आखणी व टाळाटाळ ह्यांविषयी पद्धतशीर शिकविले, त्यांस नुसता आधार देणाऱ्या अथवा शरीर सैल सोडण्यास शिकविणाऱ्या भेटींहून अधिक गुण आला. पहिल्या कसोटीतील सर्वजण औषधही घेत होते. नुसत्या कोचविषयीचा पुरावा एवढा बळकट नाही, हे ध्यानात ठेवावे.

आमच्या भागातील माणसास आरंभ कोठे करावा असा प्रश्न पडेल. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य आहे व तेथे मराठीतून बोलता येते. ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांनी १९९० साली स्थापिलेली 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था आहे; रोह्याहून दिव्यापर्यंत गाडीने गेले की ठाणे जवळच.

जाताना एक वस्तू मात्र बरोबर न्यावी. बारा वर्षांपूर्वीची लक्षणे डॉक्टर विचारतात, आणि चाळीस वर्षांच्या माणसास ती सांगता येत नाहीत. घरातील जुन्या ट्रंकेत, लग्नाच्या फोटोंखाली, चौथी-पाचवीची प्रगतिपुस्तके बहुधा सापडतात. त्यांत एखाद्या गुरुजींनी लाल शाईने शेरा मारलेला असतो: 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.' त्या काळी त्या शेऱ्यापायी कदाचित मार बसला असेल. डॉक्टरांस मात्र नेमका तोच कागद हवा असतो.